मागच्या दाढा पांढऱ्या

तोंडात आरसा खुपसून ठेवायचा आणि मग माणसाला प्रश्न विचारायचे, ही खोड दातांच्या डॉक्टरांना कुठल्या वर्षाला शिकवतात कोण जाणे. विद्यापीठाच्या सभागृहात दंततपासणीचं शिबिर होतं. धुळ्याहून आलेले तरुण डॉक्टर, पांढरे कोट, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि रांगेत आम्ही वसतिगृहातली पोरं, आपल्या तोंडाला वास येतो का ते एकमेकांना विचारत उभी. माझ्या वाट्याला आलेल्या डॉक्टरांच्या कोटावर ‘सुलक्षणा’ एवढंच वाचता येत होतं, आडनाव पेनच्या टोपणाखाली झाकलं होतं. त्यांनी माझ्या तोंडात डोकावलं, बॅटरी जरा तिरकी धरली, आणि परक्या घरात ओळखीचा माणूस दिसावा तशा थबकल्या. “लहानपणी कुठे होतात तुम्ही?” मी नुसतं आं आं केलं. त्यांनी आरसा काढला. “पिंप्राळ्यात,” मी म्हणालो. “जळगावलाच. जन्मापासून.” “अगदी लहानपणी म्हणतेय मी. वर्षाचे, दोन वर्षांचे असताना.” “तेव्हाही पिंप्राळ्यातच. घर आहे आमचं.” “पाणी बोअरचं?” “नळाचं. महापालिकेचं.” त्यांनी पुन्हा एकदा आत पाहिलं आणि हसून म्हणाल्या, “मग हे दात तुमचे नाहीत.” त्या थट्टा करत होत्या हे मला कळत होतं, तरी मी जिभेने दात चाचपून पाहिले.

माझे पुढचे दात तपकिरी आहेत. पान-तंबाखूने होतात तसे नव्हेत. आडव्या पट्ट्या आहेत, कुठे पिवळसर, कुठे चहात बुडवून काढल्यासारख्या, आणि मधे मधे खडूसारखे पांढरे ठिपके. आमच्या घरात याचं कारण ठरलेलं होतं: किरणने लहानपणी औषधं फार खाल्ली. तेच मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. औषधांचे डाग असे नसतात, म्हणाल्या, हे पाण्याचे आहेत. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की लहान मुलाच्या हिरडीत जे दात तयार होत असतात त्यांच्यात ते उतरतं, मग दात वर येतानाच डाग घेऊन येतात. आणि हे बघा, असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक छोटा आरसा दिला आणि स्वतःचा आतल्या बाजूला धरला. पुढचे दात आणि पहिल्या दाढा डागाळलेल्या. पण त्यांच्या मागच्या दाढा चक्क पांढऱ्या. “म्हणजे तुम्ही चार-साडेचार वर्षांचे झालात आणि पाणी बदललं. त्याआधी तुम्ही दुसरीकडे कुठेतरी होतात.” इतकी वर्षं माझ्या तोंडात असलेल्या या मागच्या दाढा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मी विचारलं, डाग घासून जातील का? त्यांनी विचारलं, किती वेळा घासता? तीनदा, मी म्हणालो, आणि खरं सांगायचं तर जरा ऐटीतच म्हणालो. “कमी करा,” त्या म्हणाल्या. “डाग दाताच्या आत आहेत, ते घासून जन्मात जाणार नाहीत. उलट घासून घासून तुमच्या हिरड्या मागे सरकल्यात. इथे दाताला खाचा पडल्यात बघा.” त्यांनी अणकुचीदार सळई त्या खाचेला लावली तशी एक थंड कळ थेट कानापर्यंत गेली. मग त्यांनी सांगितलं की पुढच्या दातांवरचा थर किंचित खरवडून वर पांढरं कवच बसवता येतं, कुणाला कळतसुद्धा नाही, गुरुवारी धुळ्याला या. मी हो म्हणालो. या गुरुवारची मी सातवीपासून वाट पाहत होतो.

रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे मी. फ्लोराइडच्या बाटल्या मी हाताने उचलून फळीवर ठेवल्यात, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचल्यात, आणि तेच आपल्या तोंडात बसलंय हे मला ठाऊक नव्हतं, याचं हसू यायला हवं होतं. पण मी हसताना तोंडावर हात धरतो. ही सवय इतकी जुनी आहे की वसतिगृहात मला सगळे लाजाळू समजतात, आणि हितेंद्र तर नवरी म्हणतो. हितेंद्र माझा खोलीतला जोडीदार, रावेरकडच्या केळीवाल्यांच्या घरचा. त्याच्या ब्रशचे केस चारी दिशांना पसरलेत, तो दिवाळीला ब्रश बदलतो, रात्री दात घासणं म्हणजे काय हे त्याला माहीत नाही, पेस्ट माझी वापरतो, तीही आठवण झाली तर. आणि त्याचे दात असे पांढरे की अंधारात दिव्यासारखे लावावेत. त्याउलट मी. मजल्यावरच्या बेसिनशी सकाळी पोरांची गर्दी असते, कुणी बोटाने घासतो, कुणी चूळ भरून चहाला पळतो, कुणी आदल्या संध्याकाळची पुडी थुंकून वर नुसतं पाणी फिरवतो, आणि त्या गर्दीत मी कोपऱ्यात उभा राहून मनात गाणं म्हणत घासत असतो, गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी काय काय करून पाहिलं नाही? मीठ, सोडा, लिंबाची साल, कोळशाची पूड. एकदा तर प्रयोगशाळेतलं काहीतरी सौम्य करून लावायचा विचार आला होता, तो तेवढा मी आवरला. शिबिरानंतर हितेंद्रला विचारलं, तुझं काय निघालं? “काय भो,” तो म्हणाला, “एकदम ठणठणीत. डॉक्टर म्हणे, काळजी घेता वाटतं?” मी त्याच्यावर चिडलो नाही. मला एकदम वाटलं, याला वर्षाचा असताना कुणी कुठलं पाणी पाजलं असेल?

त्या दिवसापासून माझी नजरच बदलली. बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे न पाहता मी त्याच्या ओठांमधल्या फटीकडे पाहू लागलो. मेसवाल्या बाईंचे खालचे दात झिजून हिरडीला टेकलेले. ग्रंथालयातल्या साहेबांचे वरचे पुढचे दोन खोटे, पण इतरांपेक्षा प्रामाणिक दिसणारे. अमळनेरच्या एका मुलीचा सुळा दुसऱ्या दातावर चढलेला आणि हसली की तोच आधी हसायचा. एकेका तोंडात एकेक घर, एकेक आई, एकेक रांजण आहे असं मला वाटायला लागलं आणि त्यात मोठी मौज होती. लाजेने मान खाली घालून इतकी वर्षं काढल्यावर मला पहिल्यांदाच दात ही गोष्ट कुतूहलाची वाटत होती. फक्त आपल्याच तोंडाशी आलो की ते कुतूहल अडखळायचं. मी डोकावून पाहायचो, मागच्या दाढा पांढऱ्या, पुढचे तपकिरी. चार-साडेचार वर्षं. त्याआधी कुठे?

आठवायला बसलं की आठवतं ते भलतंच. मी सात वर्षांचा होतो, दुधाचा दात पडून पुढचा मोठा दात आला. मी तो जिभेने सारखा चाचपत होतो, आणि धावत स्वयंपाकघरात गेलो, आई, मोठा दात आला! आईने माझी हनुवटी धरून खिडकीकडे वळवली. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तो दात पुसला. पाहिलं, पुन्हा पुसला. तिच्या बोटाचा दाब मला अजून आठवतो, कांद्याचा वास, आणि मी हसायचं थांबलो तो क्षण. दुसऱ्या दिवसापासून ती मोरीत माझ्याशेजारी उभी राहू लागली. मी घासायचो आणि ती म्हणायची, अजून. माझा हात दुखायचा, ती म्हणायची, अजून. कधी तीच ब्रश घ्यायची. थुंकीत रक्त दिसायचं, ती पाणी ओतून ते पटकन वाहवून द्यायची आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायची. मला वाटायचं, आपली आई किती स्वच्छतेची! मी तिचा अभिमान धरायचो. शेजारच्या पोरांच्या आया अशा उभ्या राहत नव्हत्या. माझा धाकटा भाऊ ललित माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याचे दात आले तेव्हा ती मोरीत कधी उभी राहिली नाही, हे मला आता, विद्यापीठाच्या बेसिनशी, तोंडात फेस असताना सुचलं. मी नळ बंद करून तसाच उभा राहिलो.

आणि ते पाण्याचं. आमच्या घरी पाहुणे आले की माझी एक गोष्ट सांगितली जायची: किरण लहानपणी पाण्यावरून रडायचा. पेला तोंडाला लावला की फेकून द्यायचा, हे नको, गोड पाणी दे म्हणायचा. साखर घातली तरी नाही, गूळ घातला तरी नाही. पाहुणे हसायचे, मीही तोंडावर हात धरून हसायचो. ही गोष्ट सांगायचे नाना, म्हणजे माझे वडील. आई त्या वेळी नेमकी आत चहा ठेवायला उठायची. आता मला ती गोष्ट अर्धी वाटू लागली. पाणी नको म्हणणारं पोर आधी कुठलं तरी दुसरं पाणी पीत असणार, एवढं साधं कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? माझ्या तरी कसं आलं नाही? मला एक हापसा आठवतो, त्याचा कर्रकर्र आवाज, आणि हिरव्या बांगड्यांचा एक हात, ज्याला चेहरा नाही. हे मी स्वप्न समजत आलो होतो.

रविवारी पिंप्राळ्याला गेलो. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती, ललित ओट्याशी उभा राहून ठेचा बोटाने चाटत होता. त्याला मी उगाच काहीतरी विनोद सांगितला. तो हसला. सगळे पांढरे, पुढचे, मागचे, सगळे. एकच घर, एकच नळ. “आई,” मी म्हणालो, “मी वर्ष-दोन वर्षांचा असताना आपण कुठे होतो?” “कुठे असणार? इथेच.” “डॉक्टर म्हणाल्या, शक्य नाही.” “डॉक्टरांना काय कळतं!” “त्या दातांच्याच डॉक्टर आहेत, आई.” तिचे हात थांबले नाहीत, पण भाकरी एका बाजूने जाड आणि दुसरीकडून पातळ होत गेली, आणि तिने ती तशीच तव्यावर टाकली. माझी आई सुगरण आहे. मी आजवर तिच्या हातची वाकडी भाकरी पाहिली नव्हती. तिने विचारलं, “पण झाकतील ना ते?” मी म्हणालो, गुरुवारी बोलावलंय. “जा मग. चुकवू नको,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकी घाई होती की मला तिची कीव आली आणि रागही आला, आणि यातलं आधी काय आलं ते मला सांगता येणार नाही. भाकरी करपली. तिने ती कुस्करून गाईसाठी बाजूला ठेवली.

नाना डाळमिलमध्ये सुपरवायझर आहेत. बायकोच्या माघारी बोलायचा त्यांचा स्वभाव नाही. संध्याकाळी ते दुधाला निघाले तेव्हा म्हणाले, चल किरण, पाय मोकळे होतील, आणि मी समजलो. कॉलनीच्या टोकाला एक बंद दुकान आहे, त्याच्या पायरीवर ते बसले आणि पिशवी मांडीवर ठेवून तिच्या बंदांना गाठ मारत-सोडत राहिले. “तुझ्या आईला छातीचा आजार झाला होता,” ते म्हणाले. “तू जेमतेम वर्षाचा. डॉक्टर म्हणाले, पोराला जवळ घेऊ नका. घरात दुसरी बाई कोण होती? मग तिच्या मोठ्या बहिणीने नेलं तुला. खडकोरीला.” खडकोरीची भिकुमावशी हे नाव मी ऐकून होतो, पण आमच्या घरात ते नाव निघालं की कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवायचं. भांडण शेतीवरून असावं असा माझा समज होता. “तिला मूलबाळ नव्हतं,” नाना म्हणाले. “आजार लांबला. बरी होते म्हणता म्हणता पुन्हा उलटला. तुला आणायला गेलो तोवर तू तिला माय म्हणायला लागला होतास.” “मग?” “मग काय. आणलं. तू तुझ्या आईच्या हातचं जेवेना. पाणी पिईना. दाराकडे पाहत बसायचास. भिकू दोनदा भेटायला आली, ती गेली की तू आणखी आजारी पडायचास. तिसऱ्यांदा तुझ्या आईने तिला दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, आता येऊ नको, माझं पोर मला मिळू दे.” नानांनी पिशवीची गाठ सोडली. “दोघींचंही चुकलं असं मला वाटत नाही रे. ती बरोबर होती, हीही बरोबर होती. मी आपला दूध आणत राहिलो.” त्यांनी असं म्हटलं आणि ते खरंच दूध आणायला उठले.

मी चिडलो होतो. कुणावर हे ठरत नव्हतं, त्यामुळे ललितवर ओरडलो, तो बिचारा मला चार्जर मागत होता. रागापेक्षा मोठं होतं ते कुतूहल, आणि त्याची मला लाजही वाटत होती. माझ्या हिरडीत, दुधाच्या दातांच्या खाली, कुणाला न दिसता हे दात तयार होत होते. एक बाई हापशावरून पाणी आणून मला पाजत होती आणि ते पाणी जाऊन तिथे बसत होतं. मग मी उचलून आणला गेलो, सगळं विसरलो, तिचा चेहरा, तिचं नाव, तिला मी काय म्हणायचो ते. तीन वर्षांनी दात वर आले. माझी आई ते पाहत होती, पदराने पुसत होती. अजून, अजून. मी पंधरा वर्षं ज्याला मळ समजून घासत होतो ते हे होतं. हे सगळं कळल्यावर माणसाने काय करायचं असतं? मला खरंच माहीत नव्हतं. गुरुवारी कवच बसलं की प्रश्न मिटणार होता. पुण्याच्या एका औषध कंपनीच्या मुलाखती तोंडावर आल्या होत्या, तिथे हात बाजूला ठेवून बोलता आलं असतं. मला ते कवच हवं होतं, फार हवं होतं, हे मी इथे लपवत नाही.

गुरुवारी धुळ्याच्या एसटीत बसलो. त्या सकाळी मी एकदाच आणि हलक्या हाताने घासले होते, त्यामुळे अंघोळ न करता बाहेर पडल्यासारखं वाटत होतं. तिकीट धुळ्याचं काढलं. पारोळ्याला बस थांबली, चहावाले, काकडीवाले खिडकीशी आले, आणि मी उतरलो. आधी ठरवलं होतं असं म्हणता येणार नाही. खाली उतरून मी स्वतःला सांगितलं, लघवीला उतरलोय. मग बस गेली. खडकोरीला जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपवाल्याने विचारलं, “कोना घर?” मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

गावाच्या तोंडाशी पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलेली पत्र्याची खोली होती आणि तिच्यापुढे बायका-मुलींची रांग होती. मी सवयीने त्यांच्या तोंडांकडे पाहू लागलो आणि पाहतच राहिलो. तरण्या पोरी हसत होत्या, त्यांचे दात माझ्यासारखे. अगदी तेच, आडव्या पट्ट्या, पांढरे ठिपके. पण त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांचे दात मात्र पांढरे. मला उलगडायला थोडा वेळ लागला. त्या सुना होत्या. त्या बाहेरगावाहून इथे आल्या तेव्हा त्यांचे दात तयार होऊन वर आलेले होते, इथल्या पाण्याला त्यांच्यात शिरायला जागाच नव्हती. या गावात लेक कोणती आणि सून कोणती हे हसण्यावरून ओळखता येतं! मला इतकी गंमत वाटली की मी एकटाच उभा राहून हसलो, आणि माझा हात नेहमीप्रमाणे वर गेला. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने ते पाहिलं. “अरे भाऊ, हात काढ,” ते म्हणाले. “कोना पोऱ्या शेस तू? दात ते आपलाच गावना दिसतस.” इतकी वर्षं जे झाकत आलो त्यावरून कुणीतरी मला आपला म्हणत होतं. “भिकुबाईंकडे आलोय, आबा,” मी म्हणालो. “भिकुबाईले ते पोरसोर नही,” ते म्हणाले, आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी काठीने गल्ली दाखवली.

ती दारात बसून तूर पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. “कोन?” मी म्हणालो, किरण. “कोनता किरण?” “लताबाईंचा. पिंप्राळ्याचा,” मी म्हणालो, आणि तिचा चेहरा पाहून वाटलं, दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. ती उठली नाही. माझ्याहून ठेंगणी, सावळी, आईचंच नाक. हातात बांगड्या नव्हत्या. मावसोबा गेले तेव्हा नाना एकटेच इथे येऊन गेले होते, हे मला रविवारीच कळलं होतं. मी शेजारी जमिनीवर बसलो, कसा आहेस, काय शिकतोस अशी तिची विचारपूस सुरू झाली, आणि मी तोंडावर हात ठेवून उत्तरं देत राहिलो. ती म्हणाली, “हात कसाले धरस तोंडवर?” आणि सरळ माझं मनगट धरून खाली ओढलं. ती माझ्या ओठांकडे वाकून पाहत होती. “माय वं,” ती म्हणाली. “हाई ते आठला दात शेतस. पन तू ते दुधना दात लिसन गयथा. मंग हाई कोठेन उनात?”

दुधाचे दात घेऊन गेलेल्या पोराच्या तोंडात इथले दात कुठून आले, ते मी तिला सांगितलं. मला जेवढं येतं तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं, की मी तुझ्याकडे होतो तेव्हा हे आत तयार होत होते, दिसत नव्हते एवढंच. ती ऐकत होती. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. खरंतर एवढ्यासाठीच मी आलो होतो असं मला तोवर वाटायला लागलं होतं, की जाऊन सांगावं, तुझं माझ्याकडे काहीतरी राहिलंय. पण तिने सूप बाजूला सारलं आणि कपाळाला हात लावला. “म्हंजे मीच बिघाडात तुना दात.” “तू नाही, मावशी. पाण्याने.” “आन पानी कोन पाजे?” रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिचं म्हणणं बिनचूक होतं. ती डोळे पुसत म्हणाली, “म्हनीसनच लताने माले दारमातून लावी दिधं. तिले माहीत व्हतं.” नाही, तेव्हा दात आले नव्हते, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, मी म्हणालो, पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. मला फार वाईट वाटलं. पाणी कुठून कुठे जातं याची उत्सुकता घेऊन मी इथवर आलो आणि येऊन या बाईच्या पदरात दोष टाकला. मी म्हणालो, “मला पाणी दे.” ती उठली आणि यंत्राच्या पाण्याच्या जारकडे गेली. “ते नाही. हापशाचं.” “नको रे बाप्पा.” “आता काही होत नाही मावशी, दात एकदा वर आले की पाणी त्यांचं काही करत नाही. मी शिकलोय ते.” मागच्या अंगणात हापसा होता, जनावरांना पाणी काढायला अजून वापरात असलेला. मीच हापसला. कर्रकर्र आवाज झाला आणि माझ्या मानेवर काटा आला. तांब्या तोंडाला लावला. गार पाणी दातांच्या खाचांत शिरलं आणि कळ निघाली, आणि त्या कळेच्या मागून चव आली, किंचित खारट, किंचित गुळमट. बावीस वर्षांच्या माणसाला रडायला यावं असं त्या चवीत काही नव्हतं. मी रडलो. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि तो हात मला नवा वाटला नाही.

त्याच वेळी खिशात फोन वाजला. आई. “झालं का रे? झाकले का?” मी फोन कानापासून दूर धरला होता, तांब्या दुसऱ्या हातात होता, आवाज अंगणभर ऐकू येत होता. “मी धुळ्याला गेलोच नाही,” मी म्हणालो. “खडकोरीला आलोय.” पलीकडे कुकरची शिटी झाली, ललित काहीतरी विचारत होता, त्याला तिने गप्प बस म्हटलं. “आई, ते घासून जाण्यातले नव्हतेच.” “माहीत होतं मला,” आई म्हणाली. “पहिला दात आला तेव्हाच ओळखला होता मी. तिथल्या पोरांचे पाहिले नव्हते का? पण रोज वाटायचं, आज थोडा फिका झाला असेल.” माझ्या मनात जमवून ठेवलेलं सगळं, थुंकीतलं रक्त, हिरड्या, मोरीतल्या त्या सकाळी, जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. कारण ती मोरीत माझ्याशेजारी उभी राहायची तेव्हा मी एकटा घासत नव्हतो, हे मला कळलं होतं.

मावशी हापशाला धरून उभी होती. तिचं सगळं अंग ऐकत होतं. आईने विचारलं, “जोडे शे का ती?” माझ्याशी ती अहिराणी कधी बोलायची नाही, घरात मी बोललो तर दटावायची. मी म्हणालो, जवळच आहे. आई म्हणाली, “तिले सांग, जेवाडीसन धाड म्हना त्याले.” मला सांगायची गरजच पडली नाही. मावशीने पदर सारखा केला, दोन पावलं पुढे आली आणि फोनपासून हातभर लांब उभी राहून, शेतातून हाक मारावी तसं मोठ्याने विचारलं, “लता, काय खास वं आते हाऊ?” मी आता काय खातो ते मलाच विचारता आलं असतं, मी समोरच होतो. पण त्या दोघींपैकी कुणालाच माझ्याकडून उत्तर नको होतं. “कळण्यानी भाकर,” आई म्हणाली. तिचा श्वास ऐकू येत होता. “पातळ कर, मऊ. आन थंडं पानी देऊ नको त्याले. दात ठनकतस त्याना.” मावशीने माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. तो केव्हाच रिकामा झाला होता.